गिरणी बंद

गिरणी सुरू झाली की घरातला बल्ब पिवळा पडतो,
पंखा दम लागल्यासारखा फिरतो,
आणि मी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून थांबते.
हे लहानपणापासूनचं.
तेव्हा मी शाळेतून यायची.
आता कुठूनच येत नाही.

बी.एस्सी., रसायनशास्त्र, एकाहत्तर टक्के.
डिग्री प्लॅस्टिकच्या पिशवीत,
कोठीच्या वर, उंदीर पोचणार नाही अशा जागी.
दिग्रसला पासपोर्ट फोटो काढले होते आठ,
उरले तीन.
त्यातली मी अजून
नोकरी लागल्यासारखी बघते.

सकाळी वजनकाट्यावर मीच बसते.
पंचफुलाबाईची जवारी, पाच किलो.
कोणाचे रोडग्यांचे गहू, जाडसर.
डबा ठेवता ठेवता प्रत्येकीचं तेच,
"लागलं काय वं कुठी?"
"फॉर्म भरलाय," मी म्हणते.
गेल्या मार्गशीर्षापासून हे वाक्य मी रोज दळते,
आता ते इतकं बारीक झालंय
की मैद्याच्या चाळणीतून जाईल.

आई काही विचारत नाही.
माझ्या भाकरीवर जवसाची चटणी जरा जास्त वाढते
आणि वर्गातल्या मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका
फळीवर उलटी करून ठेवते.

बाबा तर बोलतच नाहीत.
तीस वर्षं गिरणीच्या घरघरीत काढल्यावर
माणूस हातांनीच बोलायला लागतो.
मनगट फिरवलं, म्हणजे पट्टा सैल झाला.
दोन बोटं, म्हणजे वरचं सोडून दे.
तळहात हवेत खाली दाबला, म्हणजे दम धर.
यंदा तळहात बरेचदा दाबला गेला.

मंगळवारी मुलाखत होती, मोबाईलवर,
पुण्याकडच्या एका औषध कंपनीची.
अकराला.
पोळा दोन दिवसांवर, ओट्यावर दळणांची रांग,
आणि मी बाबांना सांगितलंच नव्हतं.
म्हणजे, आईला सांगितलं होतं.

पावणेअकराला खटका खाली आला.
पट्टा दोनदा फडफडला, थांबला.
कणग्यांमागच्या माझ्या जागेत
मी ओढणीला पिन लावत होते, ती तशीच हातात राहिली.
बल्ब पांढराशुभ्र.
आमच्या घरातलं घड्याळ टिकटिक करतं
हे मला त्या दिवशी कळलं.

"मागे काही आवाज वगैरे नाही ना?" समोरच्यांनी विचारलं.
"नाही सर."

खिडकीच्या फटीतून ओटा दिसत होता.
नऊ बाया, नऊ डबे.
कोणाचं तरी पोर रडायच्या बेतात आलं
तशी पंचफुलाबाईनं त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.
बाबा काट्यापाशी उभे,
तळहात हवेत खाली दाबून,
अख्ख्या ओट्यासाठी.

सहा मिनिटं चालली.
टायट्रेशनवर एक प्रश्न, तो आला.
पगार किती हवा, ते नाही सांगता आलं.
गाव सोडून राहाल का,
"हो" म्हणताना नजर फटीकडे गेली,
ती त्यांना दिसली असेल का, माहीत नाही.
"कळवतो," ते म्हणाले,
आणि काचेवर माझाच चेहरा उरला,
डाव्या भुवईला पीठ.

बाहेर आले तर सव्वाअकराही झाले नव्हते.
"लागलं काय" असं कोणीच म्हणालं नाही.
नऊच्या नऊ जणी आपापल्या डब्याचं झाकण
नीट बसलंय का ते बघत होत्या.
बाबांनी खटक्याकडे बोट केलं, भुवया वर केल्या:
करू चालू?
मी मान हलवली.

घरात बल्ब पिवळा पडला असणार.
"माहं बारीक दळजो वं," पंचफुलाबाई घरघरीच्या वर ओरडली,
"पुरणपोळीचं हाये."
मी तिचा डबा काट्यावर घेतला.
पाच किलो, वर दोनशे ग्रॅम.
बाबांकडे बघितलं.
दोन बोटं.