खाच

मनामाच्या सूकमागे माझं सुतारकाम.
एसीखाली डबा, त्यात ठिबकणारं पाणी.
ग्रानिया मॅडम हर्ली आणतात, पात्याशी चिरलेली.
अ‍ॅशचं लाकूड. वास ओळखीचा नाही,
पण हातात धरली की हात विटी शोधतो.

पत्र्याची पट्टी ठोकेपर्यंत त्या बोलत बसतात:
अठराशे चौऱ्याऐंशी, नोव्हेंबरची एक तारीख,
थर्लस गावच्या हॉटेलात मोजकीच माणसं जमली,
म्हणाली, आपले खेळ आपणच जपायचे.
त्याच हिवाळ्यात त्यांचे पणजोबा जन्मले.

शाळेत त्यांच्या गळ्यात दोरीनं काठी बांधलेली.
घरची भाषा तोंडातून निसटली
की काठीवर एक खाच.
सुटताना मास्तर खाचा मोजायचा,
तितक्या छड्या.

"जास्तीत जास्त किती?"
"एकदा अकरा.
गाय व्याली, तेवढंच सांगत होते."

मी हातोडी खाली ठेवली.

मुठीजवळ एक जुना चरा होता.
घासून काढू का, विचारणार होतो.
नाही विचारलं. पॉलिश वरूनच फिरवलं.

"दोन दिनार होतले," तोंडातून मालवणीच गेली.
त्यांनी नीट दोनच मोजून ठेवले.