भर उन्हात फ्लॅश

मोहाडीच्या पॅकहाउसवर साठ ओळखपत्रांचं काम.
मार्च. बारा वाजून गेलेले.
आत शीतगृहाची घरघर, उभं राहायला जागा नाही,
म्हणून बागेच्या कडेला, लोखंडी अँगलपाशी
खुणेची वीट ठेवली.
मागे लावायला चादर नेली होती,
वाऱ्याने ती तीनदा पाडली.
राहू दे म्हटलं, मागचं नंतर कापू.

सुपरवायझर धात्रक हसला :
"एवढं ऊन सांडलंय, आणि वर फ्लॅश?
सेलचे पैसे वेगळे लावणार वाटतं."

त्याला काय सांगू.
डोक्यावरचं ऊन कपाळ धरतं, नाकाचा शेंडा धरतं,
आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे ठेवून जातं.
टोपी असली, स्कार्फ पुढे ओढलेला असला,
तर तोंडच ठेवत नाही.

मला शिकवणारे निकुंभकाका म्हणायचे,
बाहेरचा फ्लॅश आमटीतल्या गुळासारखा :
नसला तर कळतं,
असला तर कळता कामा नये.
मी दीड घर खाली उतरवला,
छिद्र अकराचं, वेग दोनशे पन्नास,
आणि "पुढचा" म्हणालो.

पेठहून आलेले, सुरगाण्याहून आलेले,
बोटांना द्राक्षाच्या चिकाचा काळा थर.
पुनाजी गावित दर वेळी डोळे मिटायचा.
चौथ्या खेपेला मी नुसतंच बोट हलवलं,
तो फसला, हसला,
आणि नेमका तेव्हा उडवला.
बुबुळात तांदळाच्या कणीएवढा उजेड आला.
"हा मी?" म्हणाला. दोनदा म्हणाला.

एकेचाळीस झाले तेव्हा ट्रक लागला.
धात्रकने शिट्टी मारली, रांग मोडली.
उरलेल्यांची कार्डं बिनफोटोचीच निघाली,
तशीही हंगाम संपत आला होता.

जूनमध्ये एक बाई दुकानात आली,
पेठ नाक्याला उतरून चालत.
जिजा भोये. कार्ड अजून गळ्यात.
"माझा नको," म्हणाली. "सखीचा पायजे. भयीन माझी."
यादीत सखी नव्हती.
"रांगंत व्हती ना. मागं."

संगणक उघडला. न कापलेले एकेचाळीस.
प्रत्येकाच्या खांद्यामागे उन्हात ताटकळणारी माणसं,
मी तोवर त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.
पुनाजीच्या कानाच्या डावीकडे
जिजाने काचेवर बोट टेकवलं.

फ्लॅशचं बळ आठ-दहा फूट.
सखी वीस फुटांवर.
स्कार्फची कड उन्हाने पेटलेली,
आणि आत, तोंडाच्या जागी, सावली.

"उजळवा की," ती म्हणाली.
मी उजळवलं. काळ्याचं राखाडी झालं,
राखाडीत रवा उठला, जांभळे ठिपके उठले,
गाल नाही उठला.
अजून ओढलं तर सगळीच रांग फिकी पडायला लागली.
जो उजेड तिथे पोचलाच नाही
तो इथे बसून कुठून काढू?
हे मी मोठ्याने बोललो की मनात, आठवत नाही.
फोटो कशाला हवा, ते विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," जिजा म्हणाली. "जसा हाय तसा काढा.
एका पायावर दुसरा पाय ठिऊन उभी ऱ्हायली बगा.
आमच्या घरात तीच तशी उभी ऱ्हाते."

पोस्टकार्डाएवढा काढला.
पैसे नको म्हणालो, तिने काउंटरवर वीसची नोट ठेवली,
वर माझाच स्टेपलर ठेवला, उडू नये म्हणून.
दारातून उन्हात उतरताना
फोटो कपाळाशी आडवा धरला,
आणि मग, काय वाटलं कोण जाणे,
पदरात घेतला.

आता कुठेही गेलो की आधी रांगेच्या शेवटापर्यंत चालत जातो.
धात्रकने सेलचे पैसे अजून दिलेले नाहीत.