वर्ग एकोणतीस

हडर्सफील्डच्या वाचनालयात, दर गुरुवारी, पाच ते सात,
वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. माणशी अर्धा तास.
माझ्या आधी एक न्हावी होता, भाडेकराराचं भेंडोळं घेऊन.
त्याच्या आधी एक मुलगी, जिच्या विणलेल्या घुबडाची नक्कल
कुणीतरी दुकानात मांडली होती.
ती रडत नव्हती. नाक मात्र लाल होतं.

मिस इनायत तिशीच्याही अलीकडची.
म्हणाली, पहिल्यापासून सांगा.
पहिल्यापासून म्हणजे कुठून, बाई?
लिंबापासून, की ग्लिनिसपासून?

ग्लिनिस अ‍ॅक्रॉइड, आधी शेजारीण, मग भागीदार.
तिची गाडी, माझ्या बरण्या, शनिवारचा बाजार.
करार झाला ओट्याशी, चहा पिता पिता.
"अर्धं अर्धं." एवढंच.
तोंडी करारही करारच असतो, मिस इनायत म्हणाली,
फक्त सिद्ध करायला साक्षीदार लागतो.
होते ना, मी म्हटलं. दोन कप आणि एक किटली.

मग कंपनी झाली. कागद झाले.
नाव नोंदवलं: भागू. वर्ग एकोणतीस.
लोणची, मुरंबे आणि खारवलेले मासे
सरकारदरबारी एकाच पंगतीला बसतात.
पाचव्या वर्षी ग्लिनिसनं माझा अर्धा विकत घेतला.
तेव्हा ह्यांचा गुडघा निघाला होता, छप्पर गळत होतं,
आणि मी बावीस पानांवर सह्या करत गेले,
जशी बाई पोळ्या लाटत जाते, न मोजता.

परिशिष्ट दोन, कृती.
त्यासाठी एका रविवारी वजनकाटा मांडून बसलो.
माझी हिंगाची चिमूट सात वेळा तोलली,
सातही वेळा निराळी.
ग्लिनिसनं सरासरी काढली.
त्या सरासरीखाली माझी सही आहे.

आता मला पुन्हा विकायचंय, लहानसं काहीतरी,
भागू नावानं. कारण भागू मीच आहे.

एक फट आहे, ती म्हणाली.
माणसाला स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरता येतं.
पासपोर्टवर काय आहे तुमच्या?

शलाका.

तिनं पेन खाली ठेवलं.

मग मी सांगितलं: ताटात तांदूळ पसरले होते,
ह्यांच्या हातात अंगठी होती,
आणि उखाणा घे, उखाणा घे म्हणून बायकांचा कालवा चाललेला,
त्यात भागीरथी गेली.
पुसली असंही म्हणता येत नाही,
त्या ताटात ती लिहिलीच नव्हती कधी.
सही कुणी मागितली नाही. परिशिष्ट नव्हतं.
मोबदला म्हणाल तर पेढे, तेही लोकांना.
मोबदल्याशिवाय करार टिकत नाही ना तुमच्यात?
नाही टिकत, ती म्हणाली.
पण हे माझ्या विषयाबाहेरचं आहे.

भागू अशी हाक मारणारा आता एक भाऊ उरलाय, साताऱ्याला.
बाकी यॉर्कशरभर बरण्या आहेत.

पाच मिनिटं राहिली होती.
विचारलं, पन्नास मैलांच्या आत तीन वर्षं विकायचं नाही,
हे कलम वाचलंय मी, उशिरा का होईना.
पण द्यायचं?
देणं म्हणजे धंदा नव्हे, ती म्हणाली,
आणि पहिल्यांदा हसली.

मी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली.
झाकण घट्ट. लेबल नाही.
घेऊ की नको असं तिचं चाललं होतं जरा वेळ.
मग म्हणाली, नोंद करावी लागते,
भेटवस्तूंची वही आहे आमच्याकडे.
बाहेर न्हावी अजून होता,
झेरॉक्सच्या मशीनला नाणी भरवत.

तिनं लिहिलं: लिंबाचं लोणचं, बरणी एक.
पुढच्या रकान्यात देणाऱ्याचं नाव.
तिथं ती थांबली,
आणि वही माझ्याकडे फिरवून
पेन माझ्या हातात दिलं.