मार्जारासन

ऐरोली, सेक्टर आठ. सोसायटीच्या हॉलमध्ये
लग्नाच्या खुर्च्या भिंतीशी रचलेल्या,
मध्ये आमच्या पाच चटया.

"पाठ मांजरीसारखी," वृषाली म्हणते, "श्वास सोडा."
सोडते. बाकी काही सुटत नाही.

सासूबाईंनी अळीव दिले, शेक दिला,
दृष्ट काढली दोनदा.
"लक्ष्मी आली, आता कसलं रडायचं?"
खरंच, कसलं? मलाही सांगता येईना.

आज चौथ्यांदा पाठ वाकवली
आणि वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडलं.
माझं नव्हे.
माझं रडतं तेव्हा मी नुसतं घड्याळ बघते.
तरी पान्हा फुटला, चटईवर दोन थेंब.

वृषालीने न बोलता नॅपकिन सरकवला.
मोजत राहिली: पाच, सहा...

घरी जाताना जिन्यात
कुणाकडे तरी लसणाची फोडणी.
थांबले.
भूक लागली होती.