खुर्च्या फिरवणारा

डेंझिल ट्रेव्हेना, वय एक्याऐंशी.
उजव्या कानाला पाळी नाही,
मागच्या हिवाळ्यात आम्हीच काढली.
दर तीन महिन्यांनी तो ट्रुरोच्या इस्पितळात येतो,
शर्ट काढून पाठमोरा बसतो
आणि मी भिंग घेऊन ती पाठ वाचते,
तीळ तीळ.

न्यूकीच्या वाळूत त्यानं एकतीस उन्हाळे
कापडी खुर्च्या भाड्यानं दिल्या.
तासातासाला उठायचं, सूर्य सरकेल तशा त्या फिरवायच्या.
गिऱ्हाइकाच्या तोंडावर सावली आली
की ते पैसे परत मागायचं.
"सावली म्हणजे धंद्यात खोट," तो भिंतीला सांगतो.

सालं त्याला आठवत नाहीत, वास आठवतात.
आधी व्हिनेगर आणि ऑलिव्हचं तेल, आईनं बशीत कालवलेलं;
रात्री भाजल्या खांद्यांवर गुलाबी कॅलामाइन,
सकाळी चादरीत त्याचे पोपडे.
मग स्पेनला जाऊन आलेल्या बायका
खोबरेल चोपडून पालथ्या पडायच्या.
खोबरेल?
माझा हात थांबतो.
अख्ख्या किनाऱ्याला
माझ्या शाळेतल्या वेण्यांचा वास!
पुढे बाटल्यांवर आकडे आले. दोन, चार, सहा.
सहावाल्याला पोरं भित्रा म्हणायची.
आता नात त्याच्या पणतूला पन्नासचा लेप थापते,
पोर पांढरंफटक होऊन लाटांत पळतं.
डेंझिल हसतो. "भूत दिसतं, पण शहाणं भूत."

मी त्याला माझं सांगत नाही.
कोथरूडहून कॉलेजला जाताना
डोळे तेवढे उघडे, बाकी सगळं स्कार्फात,
मे महिन्यात कोपरापर्यंत हातमोजे.
कर्करोगाचं नावही कुणी घेत नव्हतं.
"काळवंडलीस तर स्थळं परत जातील," सुमनमावशी म्हणायची
आणि दह्यात बेसन कालवायची.
इथं पहिल्या वर्षी वॉर्डातल्या मुलींनी
माझ्या मनगटाशी आपलं मनगट लावून पाहिलं होतं.
जळत होत्या.
मावशीला फोनवर सांगितलं, तिला खोटं वाटलं.

मणक्याच्या डावीकडे एक ठिपका नवा आहे.
कडा वाकडी. चार मिलिमीटर.
मी लिहून घेते.
भिंग कुठे रेंगाळलं, पाठीला कळतंच.

"तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
उन्हानं असं होतं, त्याला?"
ऊन लागणं, मी म्हणते.
"लागणं म्हणजे?"
आता हे कसं सांगू.
ठेच लागते. भूक लागते. दृष्ट लागते,
एखाद्याचा लळा लागतो,
रात्री दार लागतं.
मग काहीतरी बोलायचं म्हणून सांगते,
थंडीत आम्ही ऊन खातोसुद्धा, अंगणात बसून.

तो बटणं लावतो, वरचं एक चुकतं.
"म्हणजे मी वाढपी होतो तर."

बाहेर रांगेतल्या खुर्च्यांवर चारचं ऊन आलंय,
टोकाला एक म्हातारी डोळे मिटून बसलीय.
जाता जाता त्याचा हात
सवयीनं तिच्या खुर्चीच्या पाठीकडे जातो.
खुर्च्या जमिनीला स्क्रूनं पक्क्या आहेत.
तो तसाच थोडा वेळ उभा राहतो,
तिच्या आणि खिडकीच्या मध्ये.