उतार दारणेकडे

आहिररावांचं म्हणणं, पहिला फटका हाच खेळ,
पुढचं सगळं कारकुनी.
असं म्हणून ते माझ्याकडे बघतात,
कारण मी चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या नोटांतल्या चुका शोधल्या.
केसाएवढी रेघ सरकली, की अख्खा ताव बाजूला.
त्यांचा सातपूरला फोर्जिंगचा कारखाना.
लोखंड लाल आहे तोवर हाणायचं,
हे त्यांचं सगळ्याच बाबतीत मत,
थोरलीच्या लग्नातसुद्धा.

देवळालीच्या पलीकडे आमचं नऊ होलचं मैदान.
शहरात गोल्फ म्हटलं की लोकांना
गोल्फ क्लबचं ग्राउंड आठवतं,
जिथे म्हातारे चालतात, पोरं क्रिकेट खेळतात
आणि गोल्फ तेवढा कुणी खेळत नाही.
त्यामुळे निम्म्या नातेवाइकांना वाटतं,
आम्ही पहाटे चालायला जातो.
वाटू दे.

पाचव्या होलवर पैज लागली. मिसळीची, वर जिलबी.
जानेवारी होता. बागांतून थंडीसाठी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
गुडघाभर अजून गवतावर बसलेला.
आहिररावांनी मारला.
कडुनिंबावरच्या साळुंक्या उठल्या.
चेंडू धुरातून वर गेला, नाहीसा झाला,
आणि दोनशे तीस यार्डांवर
पाटावर येऊन बसावा तसा बसला.
माझा एकशे चाळीस. सरळ. पेन्शनसारखा.

ते दोन फटक्यांत ग्रीनवर,
मी तिसऱ्यात, तोही काठाशी.

आता ड्राइव्ह म्हणजे विटीदांडू, मला मान्य आहे.
विटी आभाळात, गाव बघतंय.
पण पट म्हणजे गोट्या.
मी गोट्यांत वाढलो: गुडघा मातीत, एक डोळा मिटलेला,
श्वास दाबून धरायचा
आणि गलीला कळू द्यायचं नाही
की आपल्याला ती हवी आहे.

आहिररावांचा पहिला चार फूट पुढे.
दुसरा तीन फूट अलीकडे.
तिसरा काठावरून फिरून निघून गेला,
ओळख न दाखवता.
"अहो, सरळ होता!"
सोपान करंजकर झेंडा धरून उभा होता.
"सरळ हितं कायच नाही साहेब.
डोळ्याला काही दिसू द्या, उतार दारणेकडं."

मिसळ त्यांनी चारली. रस्सा दोनदा घेतला
आणि मला ऐकवलं,
"तू जिंकलास खरा,
पण रात्री झोपताना काय आठवशील?
तीन फूट?"
मी सोपानला विचारलं, तुझं काय मत?
तो पाव मोडत म्हणाला,
"तुम्ही दोघं हरता ते मधल्यामधी,
झुडपात. तिथलं कुणीच बोलत नाही."

मार्चमध्ये आहिररावांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं.
डॉक्टर म्हणाले, झोका आता कमरेच्या वर नाही.
ते येतात तरी. पटर घेऊन,
सरावाच्या ग्रीनवर एकटेच,
घण उचललेल्या हातांनी
टाचणी उचलायचा प्रयत्न करत.
चुकतात. दारणेला शिव्या देतात.
मी शिकवायला गेलो एकदा, तर म्हणाले,
"जवळ उभा राहू नकोस रे, मोजल्यासारखं वाटतं."

परवा मात्र पहिल्या टीपर्यंत आले.
बाकावर बसले, टोपी मांडीवर.
"एक मार. जोरात. माझ्यासाठी."
मी म्हटलं, माझा जातो कुठे एवढा?
"जाऊ दे कुठेही."

चौतीस वर्षांत मी इतक्या बेहिशेबीपणे
कशालाच हात घातला नव्हता.
खांदा वळला, टाच उचलली गेली,
आणि तो आवाज झाला,
जो मी इतकी वर्षं शेजारून ऐकत होतो.
चेंडू उजवीकडे भरकटला, कुंपणावरून, घाणेरीत.

आहिररावांचे डोळे मिटलेले होते.
ते तसेच ठेवून म्हणाले, "हां."
सोपान मुकाट्याने पिशवी खाली ठेवून
घाणेरीकडे चालू लागला.
मी खिशात दुसरा चेंडू चाचपला,
आणि कितवा फटका धरायचा,
हे विचारायचं विसरून गेलो.