लूमिसचं खोरं

ओबेड लूमिस इथं दोनच हिवाळे टिकला.
तिसऱ्याच्या तोंडावर खेचरं विकून
ऑरेगनकडे गेला म्हणतात.
नाव तेवढं न्यायचं राहिलं.

बँक हार्लोला. दवाखाना, न्हावी, दारू
डोंगरापलीकडे टिल्बरीला.
शाळेची पिवळी बस आमच्याकडे फक्त वळते.
आमची म्हणावी अशी एक पाटी,
तिला छऱ्यांची तीन भोकं;
वारा सुटला की ‘लूमिस’मधून शीळ येते.

शनिवारी व्हर्ना ऑस्टबी
मागं राहिलेल्या त्या थडग्यावरचं गवत कापते.
दगडावर एवढंच : ओबेडची बायको.

हार्लोतले विचारतात, तिथं आहे काय?
व्हर्ना यंत्र बंद करते,
पात्यातला ओला चोथा काढते बोटांनी.

गेल्या वर्षापासून ती तिला
केझाया म्हणते.
अंदाजानं.